व्हरांड्यातली खुर्ची

साताऱ्याहून वाघमारे सरांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी कुपवाडच्या एका गॅरेजमध्ये स्कूटरचा ब्रेक दुरुस्त करून घेत होते. "मॅडम, बाबा गेले... पहाटे, इथं माझ्याकडंच, झोपेतच." मी मेकॅनिकला लवकर आवरायला सांगितलं, कॉलेजात कळवलं आणि साताऱ्याची बस धरली. बसमध्ये फोन हातात घेतला, सरांचा नंबर काढला. उद्याचा तास कुणी घ्यायचा, हे त्यांनाच विचारणार होते...

सांगलीच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला येणारी बरीच मुलं मराठी माध्यमातली. रसायनशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडलं की तोंडं उतरतात. मग गाइड आणि पाठांतर. यासाठी सरांनी आणि मी मिळून इंग्रजीचा एक कोर्स आखला. त्यात ठरलेले धडे नाहीत. प्रत्येकानं आपल्या विषयातलं न कळलेलं पान आणायचं. अर्धा तास सर ते कसं वाचायचं ते दाखवत: परिच्छेद नक्की काय सांगतोय, कुठला शब्द अडला तरी चालतो आणि कुठला अडून चालत नाही. मग स्वतःची खुर्ची उचलून व्हरांड्यात जाऊन बसत. मुलांनी आपसात डोकं लढवायचं. वर्गात दोघांना विचारूनही सुटलं नाही, तरच दारात यायचं.

मला हे पटलेलं नव्हतं. सरावाच्या पुस्तिकेसाठी मी खपून उत्तरं तयार केली होती; छापायला देताना सरांनी ती पानं काढून घेतली. मी चिडून विचारलं, पानं गेली कुठं? "वाया नाही घालवली," एवढंच म्हणाले.

मास्तर बाहेर बसून पगार घेतो, अशी पालकांची तक्रार आली. प्राचार्यांनी बोलावलं. सर शांतपणे म्हणाले, "मी कोयनानगरला वाढलो. जमीन हलली की आई हाक मारायच्या आधी आम्ही पोरं अंगणात असायचो. हाकेची वाट बघायची सवय असती, तर अवघड होतं." कोर्स त्या वर्षापुरता वाचला.

मुलंही कुरकुरत. तासगावकडची तेजस्विनी एकदा दारातच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवं सर, तुमी सांगितलं तर दोन मिंटात हुतंय की! कशाला छळताय?"

"आणि मी मेल्यावर कुणाला विचारशील गं?"

"तुमी कुठं मरताय? लय चिवट हायसा!"

वर्ग हसला. सर सगळ्यांत जास्त हसले.

ते गेल्यावर प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, आता सर नाहीत. परीक्षा तोंडावर आहे, सरळ नोट्स द्या. कोर्सचं पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी कोण बघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी नोट्स तयार केल्या. मुलं नापास झाली तर जाब मलाच द्यावा लागणार होता.

सोमवारी वर्गावर पोचायला थोडा उशीर झाला. मुलं गप्प बसून असतील असं वाटलं होतं, पण बाहेरूनच गलका ऐकू आला. बाकं जोडून घोळके बसले होते, पानं उघडली होती, वाद चालू होता. आणि व्हरांड्यात, दाराच्या डाव्या हाताला, सरांची खुर्ची... ती कुणीतरी नेहमीच्या जागी आणून ठेवली होती.

मी बसले. त्या खुर्चीचा एक पाय आखूड, हे सगळ्या स्टाफला माहीत. पण ती डुगडुगली नाही. वाकून बघितलं. आखूड पायाला कागदाची जाड घडी दोऱ्यानं बांधलेली होती. माझीच उत्तरं, पुस्तिकेतून काढलेली.

तेजस्विनी दारात आली. तिनं खुर्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळे लाल होते. पान पुढं करून म्हणाली, "मॅडम, हे वाक्य..."

उत्तर माझ्या ओठांवर होतं.

"आत कुणाला विचारलंस?"

तिनं पान मागं घेतलं. "एकालाच," म्हणाली, आणि आत गेली.

नोट्स मी पिशवीतून काढल्याच नाहीत. प्राचार्यांना काय सांगायचं ते ठरवत, तास संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.