ठिपक्याचा घोडा

"बंद म्हणजे बंद, नुसते डोळे मिटून पडण्याला कुणी बंद म्हणत नाही!"

ह्यॉन शिनसेंग हे ओरडली ती लॅपटॉपवर, पण ऐकावं लागलं फोनवरच्या ग्वोन सरांना. ती जायची त्या वृद्धांच्या संगणक वर्गात सर शिकवत. ते मुख्य भूमीवरून जेजू बेटावर आलेले, गरीब स्वभावाचे गृहस्थ होते.

शिनसेंगचं आयुष्य संत्री निवडण्याच्या शेडमध्ये गेलं. हात संत्र्यांवर असत आणि कान बायकांच्या बोलण्यावर. लहानपणी शाळेत गावच्या बोलीत बोलली म्हणून तिच्या तळहातावर छडी बसली होती. वळ गेले, राग गेला नाही. शेड सुटल्यावर ती काळ्या दगडांच्या बांधांवरून हिंडू लागली. या शेताला काय म्हणतात, तो झरा कुणाचा, हे म्हाताऱ्यांना विचारायची आणि नावं टिपायची. त्या नावांत एक स्वर आहे, आ आणि ओ यांच्या मधला. तो एका ठिपक्याने लिहितात. देशाने तो टाकून दिला, बेटाने तोंडात जपला. ठिपका देऊन 'मोल' म्हटलं की घोडा. ठिपका काढून 'माल' म्हटलं की गावच्या कानाला ऐकू येतं बोलणं. घोडे जिथे पाणी पितात त्या डबक्याचं नाव आहे मोलमुल. ठिपका गेला की ते बोलण्याचं डबकं होतं.

गावात वाटांवर नावांचे फलक लागणार होते. कुठली नावं लावायची हे ठरवायला त्याच दुपारी समाजमंदिरात बैठक होती. नावं होती लॅपटॉपात, आणि लॅपटॉप मरायला टेकला होता. त्यातली जुनी प्रणाली नावांची फाइल उघडताना जी थिजायची ती थिजायचीच. भर बैठकीत असं झालं असतं तर ठिपक्याची कटकट नको असणाऱ्या गावप्रमुख यांगला आयतंच फावलं असतं. म्हणून वर्गात शिकवल्याप्रमाणे तिने जुनीच्या शेजारी लिनक्स ही नवी प्रणाली घातली. शेताचे दोन वाटे करावेत तशी डिस्क वाटली, मध्ये रेघ ओढली. आता सुरू करताना पडद्यावर दोन पर्याय यायचे, वर नवी, खाली जुनी. नवी झटकन उठली. पण जुनीच्या वाट्यात शिरायला गेलं की नवी सांगायची, दुसरी प्रणाली झोपलेली आहे, तिच्या सामानाला हात लावता येत नाही.

"झोपलीय कशी? मी स्वतः बंद केली तिला!"

"बाई, ती बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपते."

"मग बटणावर 'बंद' कशाला लिहिलंय? झोप लिहा ना!"

"रागावू नका. जुनीत जा, शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग बंद करा. तेव्हा खरी बंद होईल."

"म्हणजे खरं बोलायला लावायचं तर हिचा गळा धरायचा."

सर हसले. शिनसेंग हसली नाही. तिने शिफ्ट असं दाबलं की बोटाचं नख पांढरं पडलं. मग नवी सुरू केली, वाटा उघडला, फाइल उघडली. जिथे जिथे ठिपका होता तिथे तिथे रिकामा चौकोन होता. तोंडातले दात काढून नेल्यासारखी नावं दिसत होती.

तिने पुन्हा फोन लावला. "सर, माझे घोडे गेले."

सरांनी नीट विचारून घेतलं. "तुमच्या जुन्या लेखनाच्या प्रोग्रामने या अक्षरांना स्वतःच्या मनाचे आकडे दिले होते. खाजगी खूणच म्हणा. ती दुसऱ्या कुणाला कळत नाही. नवीत ठिपका आहे, पण तो रीतसर लिहावा लागतो. खरं तर ती अक्षरं प्राचीन आहेत, बाई. संशोधक तेवढे वापरतात."

"प्राचीन? मी आज सकाळी याच अक्षराने शेजारणीला शिव्या दिल्या!"

"चुकलं माझं," सर म्हणाले. ठिपका कुठल्या बटणावर मिळतो ते त्यांनी मुकाट्याने सांगितलं.

ती बसली. एकेक चौकोन खोडायचा, नाव तोंडाने म्हणायचं, तोंड जिथे गोल होईल तिथे ठिपका ठेवायचा. चुलीवरचं सूप आटून गेलं. बैठकीची वेळ झाली तेव्हा एकही चौकोन उरला नव्हता.

समाजमंदिरात खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर सगळे मांडी घालून बसले होते. बायका भिंतीला टेकून संत्री सोलत होत्या. लॅपटॉप एका दमात उठला आणि प्रोजेक्टरमधून नावं भिंतीवर उमटली, काळी, स्वच्छ, ठिपक्यांसकट.

"अगं बाई, मोलमुल!" कोपऱ्यातून एक म्हातारी ओरडली. "माझा नवरा प्यायला की तिथेच पडायचा."

"घोड्यांनी तरी त्याला ओळख दिली का गं?" दुसरीने विचारलं.

हशा पिकला. बायका पुढे सरकल्या आणि पोरीबाळींसारख्या एकसुरात नावं वाचू लागल्या. शिनसेंगच्या तळहातात काहीतरी सैल झालं.

यांगने टाळ्या वाजवल्या. "सुंदर, साम्चुन, सुंदर!" बेटावर वडीलधाऱ्या कुणालाही, बाई असो की बुवा, साम्चुनच म्हणतात. "हे सगळं जपून ठेवायला हवं."

"जपून नको. फलकांवर घाल."

यांगने मान खाजवली. "फलक तयार झालेत, साम्चुन. गेल्या आठवड्यातच आले. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहेत."

बायकांचं वाचन थांबलं.

"ठिपका आहे?"

"नाही ना. फलकवाल्याच्या मशीनमध्ये ते अक्षरच नाही म्हणे. मग ठिपक्याच्या जागी आ घातला. पर्यटकांना तेवढं कळतं."

"म्हणजे आमचे घोडे आता बोलणार?" कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, पण या वेळी कुणी हसलं नाही.

"मग ही बैठक कशासाठी, रे?" शिनसेंगने विचारलं.

"बैठक तर घ्यावीच लागते. लोकांचं मत घेतलं, असं लिहावं लागतं." यांग समजुतीच्या सुरात बोलत होता. "मनाला लावून घेऊ नका. तुमचं नाव घालतो की इतिवृत्तात. बसा, चहा येतोय."

शिनसेंग उठली. लॅपटॉप तिने मिटला नाही. भिंतीवर नावं तशीच पेटलेली राहिली, आणि यांग त्यांच्या समोर उभा असल्यामुळे अर्धी त्याच्या सदऱ्यावर पडली होती. दाराशी वाकून तिने बूट घातले, टाच नीट आत बसवली. "साम्चुन, अहो साम्चुन," कुणीतरी हाक मारली. तिने दार सरकवलं, वारा आत आला, आणि ती बाहेर पडली.