मावसाजींनी हरवलेला आवाज

गोंदिया जिल्ह्यात लाउडस्पीकरवर कानाला गोड लागेल असं काहीही वाजलं, तर त्यात कुठंतरी आमच्या मावसाजींचा हात असतो. आणि कानाला खुपेल असं वाजलं, तर ते वाजवणाऱ्यानं मावसाजींच्या शिव्या खाल्लेल्या असतात. तिसरा प्रकार या जिल्ह्यात नाही. माझ्या मावशीचे हे यजमान आवाजाचं काम करतात. म्हणजे गातही नाहीत आणि वाजवतही नाहीत. दुसऱ्यांनी गायलेलं-वाजवलेलं कॉम्प्युटरवर घेऊन जुळवतात, त्याला मिक्सिंग म्हणतात. आणि जुळवलेलं ते कुठंही वाजवलं तरी नीट ऐकू यावं म्हणून शेवटचा हात फिरवतात, त्याला मास्टरिंग. झाडीपट्टीतल्या नाटकांची गाणी, मंडईच्या जत्रेतल्या दंडारी, लग्नाच्या सीड्या, निवडणुकीचे ऑटो, सगळं त्यांच्या खोलीतून जाऊन येतं. त्यांना स्वतःला विचारा, ते सांगतील, "मिक्सिंग म्हणजे भात शिजवणं, अन् मास्टरिंग म्हणजे वाढणं. शीत न् शीत मोकळं राह्यलं पायजे. बाकीचे स्टुडिओवाले गिचका करून देतेत, अन् वरून तूप ओततेत." देव नम्रता वाटत होता तेव्हा मावसाजी बहुधा हेडफोन लावून बसले होते.

त्यांची खोली गोंदियात एका राईस मिलच्या भिंतीला लागून आहे. आवाजाचं काम करणाऱ्या माणसानं धान भरडणाऱ्या मशीनचा शेजार घ्यावा, याला काय म्हणावं? पण मावसाजींचं म्हणणं, मिलमुळे कोंडा फुकट मिळतो. खोलीच्या चारही भिंतींना छतापर्यंत कोंड्याची पोती रचलेली आहेत, त्यामुळे आत टाळी वाजवली तर ती हातातच मरते. त्या पोत्यांत उंदीर राहतात. मी एकदा किंचाळले, तर म्हणाले, "त्याहिले काही म्हणू नको. तुझ्यापेक्षा शांत राह्यतेत." आता मिल दिवसभर घरघरते, मग रेकॉर्डिंग कधी करायचं? लोडशेडिंग असताना! त्या वर्षांत सगळा महाराष्ट्र लोडशेडिंगच्या नावानं बोटं मोडत होता, मी स्वतः त्याविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं होतं, आणि माझे सख्खे मावसाजी लाइट जाण्याची वाट बघत दारात उभे असायचे. लाइट गेली की मिल थांबे, शेजारपाजारचे कूलर थांबत, अख्खा मोहल्ला गप्प होई, आणि हे बॅटरीवर मशीन चालू करून गाणाऱ्याला म्हणायचे, "हं, गा आता. सरकार तुझ्यासाठी चूप बसून राह्यलं."

घरात तर विचारूच नका. ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी घरात कुरकुरीत काही खायचं नाही, कारण चावण्याचा आवाज म्हणे कानात मुक्कामाला राहतो. पापड वरणात भिजवून खायचा. "लग्नापासून मी या घरात चिवडा केला नाही," असं मावशी ज्या सुरात सांगते, त्या सुरात बाया सासुरवासाच्या कथा सांगतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वरातीचा डीजे छातीत धक्के देत होता. मावसाजी पंगतीतून उष्ट्या हातानं उठले, सरळ डीजेच्या गाडीवर चढले आणि डाव्या हातानं बटण खाली ओढलं. नवरदेवाचा काका धावून आला, "काऊन बे, कोण तू?" मावसाजी म्हणाले, "तुमच्या नवरदेवाचे कान वाचवून राह्यलो. उद्यापासून त्याले बायकोचं ऐकाचं हाये." मार बसता बसता राहिला, तो नवरीकडच्या बाया खो खो हसल्या म्हणून.

पण त्यांच्या कामातली खरी गोष्ट वेगळीच. खोलीत महागडे स्पीकर आहेत, आणि त्यांच्यावर मावसाजींचा काडीचा विश्वास नाही. "हे खोटं बोलतेत. साहेबापुढं कारकून बोलते तसे." गाणं तयार झालं की ते एक जुना टेपरेकॉर्डर काखेत मारून बाहेर पडतात. पानठेल्यावर वाजवतात, ऑटोत वाजवतात, विडी वळणाऱ्या बायांच्या ओसरीवर वाजवतात, आणि शेवटची परीक्षा मिलमध्ये, चालत्या मशीनजवळ. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालानं मान वळवून बघितलं तर गाणं पास. नाही बघितलं, तर मावसाजी परत खोलीत. नागपूरहून आलेल्या एका निर्मात्याला त्यांनी हमाल दाखवून सांगितलं होतं, "हे आमचे परीक्षक. याहिले लाच चालत नाही, हात रिकामेच नसतेत."

मी त्या काळात दारूबंदीचं काम करायचे. दवनीवाड्याकडच्या एका मोठ्या गावात दुकानाविरुद्ध बायांचं मतदान लागलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आणि मेख अशी, की यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. जी भिऊन घरी बसली, तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात! हा कुठला न्याय? मी भाषण लिहिलं, ते स्वतःच्या आवाजात ठणकावून रेकॉर्ड करायला मावसाजींकडे गेले. त्यांनी चार ओळी ऐकल्या आणि हेडफोन काढून ठेवला. "पोरी, हे ऐकून बाया दार लावून घेतीन. तू दुकानदारावर ओरडून राहिली का बायांवर?" मी चिडले. ते म्हणाले, "त्या गावच्या बायांचं काही गाणं नाही का? ते आण."

गाणं होतं. गटातल्याच एका बाईनं धानाची रोवणी करता करता जुळवलं होतं, आडव्या बाटलीचं. लाइट जाणार त्या वेळेचा अंदाज घेऊन मी सगळ्या बायांना गोंदियाला आणलं. पहिला तंटा बांगड्यांवरून. मावसाजी म्हणाले, बांगड्या काढा, माइकमध्ये किणकिणतात. सगळ्यात मोठी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन जी? नवरा जित्ता असताना बांगड्या काढू? तुमच्या मशीनपायी?" यापुढं मावसाजींचं काही चाललं नाही. मावशीनं घरातले सगळे दुपट्टे आणले आणि एकेकीच्या मनगटाला गुंडाळले. पोत्यांना टेकून बसलेल्या त्या बाया अपघातातून वाचल्यासारख्या दिसत होत्या. मग एकेकीला हेडफोन लावून वेगवेगळं गायला लावलं. एक म्हणाली, "कानावर टोपलं घालून का बसवता जी?"

जिनं गाणं जुळवलं ती कोपऱ्यात होती. तिची पाळी शेवटी आली. ती गायली आणि मावसाजींनी तिला एकाही ठिकाणी थांबवलं नाही. मी त्यांना मोठमोठ्या गवयांना थांबवताना बघितलंय. तिचं गाणं संपलं तरी त्यांचं बोट रेकॉर्डिंग बंद करायच्या बटणाकडे गेलं नाही. आवाज कसा होता हे मला लिहिता येत नाही, मला फक्त पत्रक लिहिता येतं. मग ती उठली, मनगटाचा दुपट्टा सोडता सोडता म्हणाली, "एक सांगू का जी? माझा आवाज ओळखू आला नाही पायजे. माझा माणूस त्याच दुकानात गल्ल्यावर बसते. बहिणीचं बाळ पाह्याले जातो म्हणून निघाली मी. ओळखू आली तं मले घरात घेणार नाही."

मी लगेच म्हटलं, तुमचा आवाज काढून टाकू, बाकीच्या आहेत. मावसाजी माझ्याकडे असे बघायला लागले, की मी जणू भाताचं पातेलं उकिरड्यावर नेत होते. "तिले काढलं तं राह्यलं का? दुपट्टे?" तिला म्हणाले, "तू जा, बाई. मी पाह्यतो."

त्यांनी तिचा आवाज बाकीच्यांच्या मागं ठेवून गाणं जुळवलं. मला ती मुळीच ओळखू येईना. "तुझे कान पत्रकाचे," मावसाजी म्हणाले. "जिनं तिले पयल्यांदा रडताना ऐकलं, तिले विचारू." म्हणून आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन पॅसेंजरनं दरेकशाला गेलो. तिथून आत जंगलालगत तिचं माहेर. तिची आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. दारूबंदीच्या कार्यकर्तीनं मोहफुलांच्या सड्यात मांडी घालून बसावं, हे माझ्या नशिबात होतं. मी तोंड उघडलं, पण मावसाजींनी माझ्या पायावर पाय दिला. टेप लावला. पहिली ओळ संपायच्या आत म्हातारी म्हणाली, "हे तं माही पोरगी! कशी हाये जी ते?"

मावसाजींनी टेप बंद केला. "कशावरून ओळखलं, माय?"

"ओळीच्या शेवटी ते सूर सोडत नाही ना. खाली ठेवते. लहानपणी विहिरीवरून पाण्याचा गुंड डोक्यावर आणून खाली ठेवे, थेंब सांडू नाही देत जाय, तसं."

मावसाजी परत आले आणि चिडून त्यांनी गाण्यातल्या ढोलकीचा आवाज वर केला, बाकीच्या बाया वर केल्या, तिला पार बुडवलं. मिलमधल्या एकाही हमालानं मान वळवली नाही. गाणं मेलं होतं. तरीही दरेकशाला नेलं, तर म्हातारी म्हणाली, "आता दुरून गाऊन राह्यली. तब्येत बरी नाही का तिची?" येताना गाडीत मी म्हटलं, जाऊ द्या मावसाजी, मतदान जवळ आलं, माझं भाषणच वाजवू. ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "बाईले ढोलकीमागं लपवाले गेलो मी, येडा. बाईले बायांतच लपवावं."

पुन्हा सगळ्याजणींना बोलावलं. कोपऱ्यातली बाई यावेळी कोणतं कारण सांगून आली, ते मी विचारलं नाही. मावसाजी तिला म्हणाले, "तू ओळ खाली ठेवतेस ना, ते साऱ्याहिले शिकव." ती लाजली. तिला माहीतच नव्हतं ती काय करते ते. मग म्हातारीचं पाण्याच्या गुंडाचं बोलणं मी सांगितलं, तशी ती थोडी रडली आणि शिकवायला लागली. बाया गात, ओळ संपत आली की ती हात हळूच खाली नेई, आणि सगळ्या तिच्या हाताबरोबर सूर खाली ठेवत. कोणाचा सांडला की मावसाजी डोळे मिटूनच म्हणत, "सांडला." मोठी बाई वैतागून म्हणाली, "डोळे तं उघडा जी, कोणाचा सांडला ते तरी पाहा!" "तुमचाच सांडला," ते म्हणाले, आणि तो तिचाच होता. लाइट आली, मिल सुरू झाली, बाया थांबून राहिल्या, पुन्हा लाइट गेली, पुन्हा गायल्या. ज्या माणसानं जन्मभर शीत न् शीत मोकळं ठेवण्याचा तोरा मिरवला, तो त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर आवाजाला आवाज चिकटवत बसला होता.

दरेकशाच्या अंगणात म्हातारीनं यावेळी पूर्ण गाणं ऐकलं. "पुन्हा लावा जी," म्हणाली. पुन्हा ऐकलं. तिचे हात मोहफुलांत तसेच थांबले होते. "यातली माही कोणती?" तिनं विचारलं. मग तीच म्हणाली, "साऱ्याच माह्या पोरी वाटून राह्यल्या, बापा."

स्टेशनवर मावसाजींनी मुरमुऱ्यांचा पुडा घेतला आणि गाडी येईपर्यंत कुडुमकुडुम खात उभे राहिले. मावशीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

खोलीत परतल्यावर त्यांनी कॉम्प्युटरमधला तिचा वेगळा आवाज माझ्यासमोर पुसून टाकला. पहिल्या दिवशीचा, ज्यात त्यांनी तिला थांबवलं नव्हतं. मी म्हटलं, असा आवाज पुन्हा मिळायचा नाही, लपवून ठेवा. "ठेवलेलं एक दिवस कोणी तरी वाजवतेच," ते म्हणाले. "अन् सगळ्यात आधी मीच वाजवीन." एवढंच. गाणं मात्र हमालांनी पास केलं. एकानं तर पोतं खाली ठेवून ऐकलं.

गाणं वाजवत ऑटो गावातून, वाडीवस्तीच्या टोल्याटोल्यांतून फिरला. दुकानवाल्यांनी बाया कोण आहेत याचा फार तपास केला. प्रत्येक घरातल्या माणसाला वाटे आपलीच बायको असावी, आणि प्रत्येक बायको म्हणे मी नाही. कोपऱ्यातल्या बाईच्या नवऱ्यानं जेवता जेवता तिला विचारलं, "या कुठल्या बाया हायेत वं?" ती म्हणाली, "मले का माहीत? सरकारी असतीन." मतदानाच्या दिवशी बाया रांगेत तेच गाणं गुणगुणत उभ्या होत्या, आणि प्रत्येक ओळीचा शेवट जपून खाली ठेवत होत्या. बाटली आडवी झाली. दुकान गेलं. मी विजयाचं पत्रक काढलं, त्यात मावसाजींचं नाव घातलं, तर त्यांनी मला सगळी पत्रकं मिलच्या चुलीत घालायला लावली. "माह्या नावावरून खोली सापडीन, खोलीवरून बाया."

पुढं बऱ्याच वर्षांनी ती बाई नवऱ्याबरोबर गोंदियाला आली होती. नवरा धानाच्या कामाला लागला होता, तो मिलमध्ये गेला आणि ती खोलीत. आई मागच्या साली गेली, म्हणाली. मग पदराशी चाळा करत तिनं विचारलं, "मी एकटी गायली होती ना जी त्या दिवशी, ते एकदा ऐकवता का? मी कधी मले ऐकलंच नाही." पुसून टाकलं, हे सांगताना मावसाजींचा आवाज असा झाला, की दुसऱ्या कोणाचा असता, तर त्यांनी तो मिक्समध्ये ठेवला नसता. त्यांनी सगळ्यांचं गाणं लावलं. ती कान देऊन ऐकत राहिली, हसली, म्हणाली, "मलेच नाही सापडत." मावसाजींनी घाईघाईनं माइक पुढं ओढला, "गा ना आता. आत्ता घेतो." ती बसली, दोन ओळी गायली आणि थांबली. "आता भेव नाही राह्यलं जी," ती म्हणाली. "आवाज तसा लागत नाही."

हल्ली मी कधी दुपारी गेले, तर मावसाजी पोत्यांना पाठ लावून, हेडफोन घालून, डोळे मिटून बसलेले दिसतात. काय ऐकताहेत ते विचारावं लागत नाही. परवा मी हळूच त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, "सापडली का, मावसाजी?" त्यांनी डोळे न उघडता हात वर केला, थांब म्हणून. ओळ संपत आली होती.