कोपरा फाडलेली आठ कार्डं

पिंपरीतला तो शनिवार अजून लख्ख आठवतो... पन्नासच्या दशकातलं कुठलं तरी साल, मी विशीतला. आमच्या वर्गावर नव्या कारखान्याचे साहेब येणार होते आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा फळा पुसत होतो.

वर्ग म्हणजे एक खोली, एक जुना टाइपरायटर आणि बाहेर पाटी, ‘व्यापारी पत्रव्यवहार व संभाषण वर्ग’. मालक दोन, मी आणि नामदेव. दोघेही पिंपळे गुरवचे, बिगरीपासून एका बाकावरचे. मी मॅट्रिक होऊन पुण्यात पेढीवर कारकुनी करून आलेलो, तो सातवीनंतर शेतात. वर्गाची कल्पना मात्र त्याची... कारखाने येतायत, आपल्या लोकांना लिहाय-बोलायला कोण शिकवणार, म्हणाला होता.

विद्यार्थी चारच उरले होते. साहेबांनी माणसं पाठवली नाहीत तर महिनाअखेर पाटी उतरवायची, असं ठरलं होतं.

नामदेवनं तोंड उघडलं की व्हय-न्हाई सुरू. म्हणून मी त्याला आदल्या दिवशीच बजावलं, तू चहाचं बघ, बोलायचं काम माझं. तो बरं म्हणाला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही... आठ नावांची यादी पुढे ठेवली. दिवाळीला गावी गेलेले आठ कामगार परतले नव्हते आणि कारखान्याच्या इंग्रजी पत्रांना कोणी दाद देत नव्हतं. तुम्ही लिहून बघा, परवाचा सोडून पुढच्या सोमवारी माणसं आली तर आमचे कारकून तुमच्याकडे शिकायला पाठवतो, म्हणाले.

मी आठ पोस्टकार्डं लिहिली, ‘आपणांस कळविण्यात येते की’ वगैरे. वहीत नोंद झाली की कच्च्या चिठ्ठीचा कोपरा जरासा फाडायचा, ही पेढीवरची सवय... तीच कार्डांवरही चालवली. कार्डं पेटीत टाकायला नामदेवच्या हातात दिली. तो काहीतरी सांगू लागला, तर मी म्हटलं, तू गप जा, उगाच फाटे फोडू नकोस.

त्या सोमवारी मी कारखान्यावर गेलो, तर आठातले सात जण गेटवर हजर. साहेब खूश, आमचं काम फत्ते. तेवढ्यात एकानं खिशातून कार्ड काढलं... आणि अक्षर माझं नव्हतं.

‘राम राम. पाळी तुमच्यावाचून अडलीया. जागा तुमचीच हाय. सोमवारी या. घरी अडचन आसंल तर सांगावा धाडा.’ कार्डाचे चारही कोपरे शाबूत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी... ते वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू होते. मी त्याच मातीतला, आणि दोन वर्षांच्या पेढीत हे साफ विसरलो होतो.

खोलीवर आल्यावर नामदेवला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तो टाइपरायटर पुसत होता.

“सांगत व्हतो की. तू गप म्हणलास.”

एवढंच. ना राग, ना टोमणा. दुसऱ्या दिवसापासून पत्रांचा पहिला तास तो घेऊ लागला, त्याच्याच बोलीत. वर्ग पुढे बरीच वर्षं चालला.

माफी मागायचं तेवढं राहिलं... जन्मभर लोकांना बोलायला शिकवलं आणि हे एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही. गेल्या महिन्यात नामदेव गेला. बातमी फोनवर आली, आता कार्ड कोण लिहितं.

नातीनं फोनवर टाइप करायला शिकवलंय, म्हणून इथे लिहितो. नामा, चुकलं माझं.