उजव्या चाकाचं बेरिंग

लडकू फौजेतून परत आला तेव्हा त्याच्या पायात बूट होते आणि तोंडात निम्मी हिंदी. आम्ही सापगावकरांनी पहिले आठ दिवस त्याची मनसोक्त टिंगल केली. तो हसायचा. चार वर्षं आसामच्या सरहद्दीवर चिखलातून ट्रक हाकून आलेल्या माणसाला आमच्या टिंगलीचं काय वाटणार? मी दामू, त्याचा शेजारी. मला बैल हाकण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि आजही येत नाही, पण लडकूची गोष्ट माझ्याइतकी कोणाला ठाऊक नाही. म्हणून मीच सांगायला हवी.

लडकूला ऐकायची विद्या होती. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला लावायचा, त्याची लाकडी मूठ कानाला टेकवायची आणि डोळे मिटून बसायचं. मग सांगायचा, कुठे काय दुखतंय. हा कान त्याला बापाकडून आला होता. त्याचा बाप धाकलूबाबा म्हणजे शहापूरपासून मुरबाडपर्यंत नावाजलेला गाडीवान. बैलगाडी कुडाबाहेरून गेली तर म्हातारा आत जेवता जेवता सांगायचा की डाव्या चाकाचा एक आरा सैल झालाय. बापलेकांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसे, पण चाकांवर दोघांचाही जीव.

सत्तेचाळीस साली कल्याणच्या छावणीत फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला आणि लडकूने तिथून ट्रक आणला. फौजेतली सगळी कमाई आणि राहीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, गळ्यातल्या पुतळ्या त्यात गेल्या. साधा ट्रक नव्हता तो. नेहमीच्या मोटारीत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना मिळतो, ह्यात तो चारही चाकांना मिळायचा. एक दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावायला लागत आणि जिथे माझे बैल गुडघे टेकत तिथून ते धूड गुरगुरत वर चढायचं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

जंगलाच्या ठेकेदारालाही तो ट्रक आवडला. मुरबाडपलीकडच्या वैशाखरे गावच्या रानात त्याचा साग तोडून पडला होता आणि तो आसनगाव स्टेशनला पोचवायचा होता. तो लडकूला बोलला, "पुढल्या शनिवारी स्टेशनात माझा मालगाडीचा डबा लागतो. त्याच्या आत एक खेप आणून दाखव. आणलीस तर पावसापर्यंतचं सगळं काम तुझं. नाय आणलीस तर कल्याणच्या ट्रकवाल्याला बोलावतो." त्या एका खेपेवर लडकूचं सगळं होतं. ठेकेदाराचं काम नसेल तर ह्या मुलखात ट्रकला दुसरं काम होतं कुठे?

परवान्यासाठी लडकूला ठाण्याला जावं लागलं. आज या, उद्या या करत साहेबांनी त्याला आठ दिवस लटकवलं. आणि त्या आठ दिवसांत आम्ही घात केला.

चैत्र होता. उन्हाने बैलगाडीची चाकं सुकतात, लाकूड आटतं, चाकावर चढवलेली लोखंडी धाव सैल पडते. मग आम्ही गाड्या भातसा नदीत उभ्या करतो. दोन रात्री पाण्यात राहिल्या की लाकूड फुगतं आणि चाक घट्ट होतं. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलेलं. धाकलूबाबा ट्रक पुसत होता तेव्हा त्याला पुढचं डावं चाक जरासं हललेलं दिसलं. तेवढं तर सगळ्याच जुन्या गाड्यांचं हलतं, पण म्हाताऱ्याला राहवेना. पोराने सगळं आपल्या जिवावर केलेलं, आपण त्याला काहीच दिलं नाही, ही टोचणी त्याला होती. तो माझ्याकडे आला. "दामू, बैल आण रे. पोर यायच्या आत चाकं घट्ट करून ठेवू."

चार जोड्या लागल्या. पहिली जोडी माझी होती, हे मी लपवत नाही. आम्ही ट्रक नदीत ओढला, पुढची चाकं अर्ध्यावर बुडेपर्यंत, आणि दोन रात्री तसाच ठेवला. मग वर काढून, पुसून, आंब्याखाली उभा केला. म्हाताऱ्याने बॉनेटवर झेंडूची माळ घातली. लोखंडाचं चाक पाण्याने फुगत नाही, एवढं साधं आमच्या एकाच्याही टाळक्यात आलं नाही!

बुधवारी सकाळी लडकू परवाना घेऊन आला. म्हातारा त्याला ट्रकजवळ घेऊन गेला. "चाकं भिजवून ठेवली रे. दोन रात्री नदीत होता. आता दोन वरसं हलायची नाय."

मी लडकूच्या तोंडाकडे बघत होतो. तो एकदम पांढरा पडला. मग बापाच्या पाया पडला आणि बोलला, "बरं केलंस बा."

तो ट्रक काढून शहापूरपर्यंत गेला, मला बाजूला बसवून. जाताना घूं घूं असा आवाज येत होता, वेग वाढला की वाढायचा. त्याने पुढच्या चाकांचा जोर काढून टाकला, आवाज तसाच राहिला. "म्हंजे गिअरचं नाय," तो बोलला, "चाकातलं हाय." उजवीकडे वळताना ट्रकचा भार डावीकडे गेला आणि आवाज चढला. डावीकडे वळताना कमी झाला, पण पुरता गेला नाही. "डावं जास्त. उजवं पण."

घरी येऊन त्याने पुढचा भाग जॅकवर उचलला. डावं चाक वरखाली धरून हलवलं. टक टक वाजलं. मग राहीला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. आता वाजलं नाही. ब्रेक दाबला की आतलं सगळं एकजीव होतं, तेव्हा हलणं थांबलं तर दोष बेरिंगचाच, असं त्याने मला समजावलं. मला अर्धंच कळलं. राही आत बसून विचारत होती, "सोडू काय आता, पाय दुखला माझा!" आणि तेवढ्यापुरता लडकू हसला.

चाक खोलल्यावर कोणी हसलं नाही. आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं होऊन गळत होतं. बेरिंग म्हणजे एका वाटीत फिरणारे पोलादी रूळ. त्या रुळांवर तांबडा गंज चढला होता आणि पुसल्यावर खाली खड्डे दिसले. उजव्या चाकातही तेच, थोडं कमी. लडकू जमिनीवर बसला. मी बोललो, "आमीच केलं रे हे."

"गप," तो बोलला. "बाला कळता कामा नाय. माझी शपथ हाय तुला."

म्हातारा आलाच तेवढ्यात. सगळं खोलून पडलेलं बघून त्याचा चेहरा उतरला. "मी घट्ट केलेलं चाक खोललंस कशाला?" लडकू बोलला, "नवं ग्रीस भरायचं हाय, बा." म्हातारा पाठ फिरवून आत गेला. त्याचा अपमान झाला होता.

गुरुवारी पहाटेच लडकू कल्याणला गेला. छावणीबाहेरच्या भंगारवाल्यांकडे दिवसभर लोखंडाचे ढीग उपसले, तेव्हा एकाच चाकापुरती बेरिंगं मिळाली, आतलं आणि बाहेरचं. दुसऱ्या चाकाची कुठेच नव्हती. एक भंगारवाला पंधरा दिवसांनी आणतो म्हणाला. पंधरा दिवस कोणाकडे होते?

नवी जोडी त्याने त्याच रात्री डाव्या चाकात घातली, कारण ते जास्त खराब होतं. हे काम मी कधी विसरणार नाही. जुन्या वाट्या पितळी सळईने एकदा इकडून, एकदा तिकडून ठोकत, वाकड्या न होऊ देता काढल्या. नव्या तशाच बसवल्या. मग ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या फटीफटीतून दाबलं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. नट आवळला, चाक फिरवलं, पुन्हा आवळला आणि मग किंचित मागे घेतला. "पार आवळलं तर तापून मरतं," तो बोलला, "सैल ठेवलं तर हलून मरतं." उजव्या चाकाची बेरिंगं रॉकेलने धुऊन, गंज घासून, ताजं ग्रीस भरून परत बसवली. खड्डे घासून जात नाहीत. ते त्यालाही माहीत होतं.

शुक्रवारी आम्ही वैशाखऱ्याला गेलो. लडकू, मी आणि धाकलूबाबा. म्हातारा नवं धोतर नेसून मध्ये बसला होता. रिकामा ट्रक नीट गेला. ठेकेदाराच्या माणसांनी साग चढवला आणि लडकू कमी भरा, कमी भरा म्हणत असताना सहा ओंडके जास्तच टाकले. परतीला सरळगाव सोडलं आणि उजवीकडून आवाज सुरू झाला. आधी घूं घूं, मग खरवडल्यासारखा. लडकूने ट्रक थांबवून चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या गाभ्याला, हात लावला आणि झटकन मागे घेतला. तळव्याला फोड आला. आम्ही तासभर थांबलो. मी बोललो, निम्मा माल इथेच उतरवू. तो बोलला, "निम्मा नेला तर काम निम्मं मिळेल काय रे?" मी पुन्हा गाडीत चढलो. चढलो नसतो तर बरं झालं असतं.

पुढे बैलाच्या चालीने निघालो. किन्हवलीच्या अलीकडे उतार आहे. तिथे चाक जाम झालं, पुढचा आस मोडल्याचा आवाज झाला आणि उजवं चाक सुटून शेतात गेलं. ट्रक नाकावर घसटत बांधावर कलंडला. ओंडके रस्त्यावर पडले. आम्ही तिघं खरचटून बाहेर आलो, इतकंच दैव. मोडलेला आस, फुटलेला तुंबा, चिरलेली गिअरची पेटी. असलं सामान आता मुंबईतसुद्धा मिळणार नाही, हे लडकूने वाकून बघितल्या बघितल्या सांगितलं.

शनिवारी कल्याणचा ट्रक आला आणि आमचेच ओंडके उचलून स्टेशनला घेऊन गेला. पुढे तेच काम त्याला मिळालं.

ट्रक कलंडला त्या दिवशी म्हातारा तिथेच बांधावर बसला होता. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "लडकू, पाण्यानं तर नाय ना झालं रे?"

तेव्हा खरं सांगायला पाहिजे होतं. मला आजही राग येतो. लडकू बापाकडे न बघता बोलला, "नाय बा. पाण्याचं काय नाय. माझ्याकडनं नट जास्त आवळला गेला."

म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला. तो त्याच्या छातीवरून दगड उतरल्याचा होता, आणि तो दगड कुठे गेला ते मी बघत होतो.

पुढच्या महिन्यात ट्रक जागच्या जागी तुकड्यातुकड्याने विकला गेला. पाऊस जवळ आला होता आणि घरात खाणारी तोंडं होती. एका सकाळी लडकू बापासमोर उभा राहिला. मी अंगणात होतो, आणखी दोघं-चौघं होते. "बा, आता तू थकलास. बैलगाडी मी हाकतो. जंगलातला माल आणतो."

धाकलूबाबा बैलगाडीच्या चाकाला वंगण लावत होता. त्याने मान वर केली नाही. रागावलाही नव्हता तो. समजुतीने बोलला, "नको रे. गाडी मोडली तर खायचं काय? तुला चाकातलं कळत नाय."

सगळे लडकूकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की ते मिटावं लागलं.

"व्हय बा," लडकू बोलला. मग कोपऱ्यातली कुऱ्हाड आणि दोर उचलला आणि ओंडके चढवणाऱ्या मजुरांबरोबर वैशाखऱ्याला चालत गेला. ते ओंडके कल्याणच्या ट्रकमध्ये भरायचे होते.