उपाशी पोटी संमती

वैद्यकीय संशोधन हे अखिल मानवजातीसाठी असतं. अकोल्याच्या एका रुग्णालयात, संशोधन विभागाच्या दारावर हे वाक्य पितळी अक्षरांत लावलेलं आहे. त्याखाली टेबलावर एक छापील कागद असायचा आणि त्यात मानवजातीतलं कोण कोण चालणार नाही याची यादी असायची. सातव्या क्रमांकावर बौद्धिक दिव्यांग व्यक्ती होत्या. म्हणजे माझी धाकटी बहीण.

ती बेचाळीस वर्षांची आहे. अमरावतीत माझ्याजवळ राहते, घड्याळ बघून गॅस बंद करते, शेजाऱ्यांची भांडणं तारीखवार सांगते. बेरीज तिला जमत नाही आणि खोटं बोलणंही. आम्हा दोघांना साखरेचा आजार आहे, गोळीही एकच. मला ती गोळी सोसते. तिला ती घेतल्यावर दहाच्या सुमारास चक्कर येते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणायचे, "अशा पेशंटवर ही गोळी कशी चालते, याची माहितीच नाही हो." माहिती का नाही, याचं उत्तर यादीत सातव्या क्रमांकावर होतं.

अकोल्याचा अभ्यास नेमका याच गोळीचा होता आणि त्यांना सख्खी भावंडं हवी होती. बहीण चालणार नसेल तर मीही आपोआप बाद. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आहेत, त्यामुळे अर्ज लिहायची खाज आहेच. पाच पानांचा अर्ज लिहिला. रुग्णालयाच्या नैतिकता समितीने आम्हाला बोलावलं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. 'आपल्या या निरागस बांधवांविषयी' ते बराच वेळ बोलले. बहिणीनं मला कोपरानं ढोसलं. "हे कोनाबद्दल बोलून राहिले?"

"तुझ्याबद्दल."

"मंग माह्याकडे पाहून बोलाव ना."

अध्यक्ष पाणी प्यायले आणि त्यांनी निर्णय दिला: अभ्यासात काय होणार हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर घ्यावं.

आता इथे आमच्या वऱ्हाडची एक रीत सांगायला हवी. डॉक्टरनं "समजलं का?" म्हटलं की "हो जी" म्हणायचं. समजण्याशी त्याचा संबंध नसतो. समोरच्यानं एवढं शिक्षण घेतलं, एवढा घसा कोरडा केला, त्याला 'नाही समजलं' म्हणणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला चहा न विचारणं. ही रीत कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येते. माझ्या बहिणीला तेवढी आली नाही.

संमतीच्या दिवशी खोलीत आम्ही दोघं आणि आणखी भावंडांच्या तीन जोड्या होत्या. तरुण डॉक्टरबाईंनी चौदा पानं वाचून दाखवली. आवाज चांगला होता, पानं कळण्यासारखी नव्हती. मग त्या एकेकाला विचारत गेल्या. बोरगाव मंजूच्या आजोबांनी तर प्रश्न संपायच्या आत "हो जी" म्हटलं. मीही म्हटलं. बहिणीची पाळी आली.

"मले नाही समजलं."

डॉक्टरबाईंनी हळूच कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मला डोकावून वाचायची जुनी सवय. 'आकलन नाही' असं होतं.

मी म्हटलं, "बाई, आजोबांना विचारून बघा ना, काय समजलं ते."

बाई भल्या होत्या. त्यांनी विचारलं. आजोबा प्रसन्नपणे म्हणाले, "तुमी एवढ्या शिकलेल्या. वाईट थोडीच सांगसान?"

"पण मी काय सांगितलं, आजोबा?"

"चांगलंच सांगतलं."

त्यांचा भाऊ म्हणाला, "लय चांगलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघतील या भीतीनं मी छताचा पंखा न्याहाळू लागलो. त्या बघणार एवढ्यात बहीण म्हणाली, "रगत किती काढता?"

बाईंनी कपाटातून रिकामी नळी आणून दाखवली. ती बहिणीनं हातात धरून पाहिली. "एवढंच? आन गोळी तीच देता का दुसरी?" तीच, पण कमी-जास्त करून, असं बाईंनी सांगितलं. "चक्कर आली त कोनाले सांगू?" बाईंनी फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. "आन मले नाही वाटलं, मी सोडून देल्लं, त तुमी रागावसान काय?"

"नाही."

"भाऊ रागावला त?"

"त्यांना मी समजावीन," बाई म्हणाल्या.

मग बहिणीनं सगळं परत सांगितलं. तीन डाव इथं याचं. उपाशी याचं, चहा बी नाही. रगत एक नळी. चक्कर आली की फोन. नको वाटलं तर सोडता येते. आजोबांनी तिच्याकडे वळून विचारलं, "उपाशी याचं हाय काय, पोरी?" बाकीच्या जोड्यांचीही तीच चौकशी सुरू झाली. बहिणीनं स्वतःच्या नावाची सही केली, त्याला चार मिनिटं लागली. मी बोट दाखवलं तिथे सही ठोकून मोकळा झालो. समितीनं तिला मंजुरी दिली. सातवा क्रमांक यादीतून गेला आणि मी गावभर सांगत सुटलो की एका अर्जानं काय होऊ शकतं.

पहिल्या तपासणीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. आलूबोंडे गरम होते.

"भाऊ, उपाशी याचं हाय."

"एकानं काही होत नाही."

तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. मी दोन खाल्ले.

अकोल्याला नर्सनं विचारलं, "काही खाल्लं का?" मी उत्तर जुळवत होतो. "यानं दोन आलूबोंडे खाल्ले," बहीण म्हणाली, "आन चहा."

तिचं रक्त घेतलं. तिची चक्कर तिच्याच शब्दांत, वेळेसकट, कागदावर चढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन बोटं कापसावर दाबून ती निवांत बसली होती. माझ्या कागदावर डॉक्टरबाईंनी लिहिलं: 'सूचनांचे आकलन अपुरे. पुढील मंगळवारी जबाबदार नातेवाइकासह यावे.'

मंगळवारी ती मला घेऊन गेली.