आत्याच्या वहीतला सोडियम

आमच्या आत्याइतकं रसायनशास्त्र पनवेलमध्ये त्या काळी कुणालाच येत नव्हतं, आणि हे मी ती मराठी सातवी पास होती हे पूर्ण लक्षात ठेवून सांगतो आहे. ती माझ्या वडिलांची थोरली चुलत बहीण. लग्न झालेलं नव्हतं, आणि तरी, किंवा म्हणूनच, गावातली निम्मी लग्नं तिने जुळवली होती. नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, काखेत काळी छत्री आणि तांबड्या फडक्यात बांधलेली एक लांबोडकी वही, एवढ्या सरंजामानिशी ती सकाळी आठाला घराबाहेर पडायची. वहीत पुढच्या बाजूने मुलगे आणि मागच्या बाजूने मुली. मध्ये दोघं जिथे भेटतील तिथे वही संपणार, असा तिचा हिशेब होता. लाइन आळीतून ती निघाली की उपवर मुलींच्या आया पदर सावरत दारात यायच्या आणि पंचविशीतले मुलगे मागच्या दाराने पसार व्हायचे. एस.टी.त तिला तिकीट काढावं लागत नसे, कारण आपट्याच्या गाडीच्या कंडक्टरचा संसार तिनेच उभा केला होता. उलट पेणच्या गाडीचा कंडक्टर तिच्याकडून चोख पैसे घ्यायचा. त्याचाही संसार तिनेच उभा केला होता.

मी त्या वर्षी कॉलेजच्या पहिल्या परीक्षेत, जिला आम्ही 'प्री' म्हणायचो, रसायनात आपटलो होतो. शंभरात बावीस. वडिलांची भाताची गिरणी होती आणि दुसऱ्या खेपेला नापास झालो तर मी कोंड्याच्या खोलीत पोती मोजायला बसायचं, हे त्यांनी शांतपणे जाहीर केलं. वडील ओरडत नसत, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याची फार भीती वाटायची. आत्या तेव्हा ओसरीवर वहाणा काढत होती. तिने विचारलं, "पास व्हायला किती लागतात?" मी म्हटलं, पस्तीस. "शंभरात? अरे, आमच्यात छत्तीसातले अठरा जुळावे लागतात तेव्हा कुठे मुलीचा बाप पानसुपारी पुढे करतो. पस्तीस म्हणजे काय, फुकटच की! ह्याला मी पास करते." वडिलांना तिचं दारोदार फिरणं मुळीच आवडत नसे. ते म्हणाले, "आणि नाही झाला तर?" आत्या म्हणाली, "तर ही वही चुलीत." वडील हळूच हसले आणि म्हणाले, "ताई, शब्द फिरवायचा नाही हं." झालं. माझ्या एका पेपरवर माझं कॉलेज आणि आत्याचा सगळा व्याप, दोन्ही टांगणीला लागली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवणं झाली की शिकवणी सुरू. पुस्तक इंग्रजीत, म्हणून मी वाचून मराठीत सांगायचं आणि आत्याने ते मला पुन्हा तिच्या भाषेत समजावायचं. मी मूलद्रव्यांचं कोष्टक उघडलं तेव्हा ती म्हणाली, "एवढी स्थळं! आणि ह्यांची कुणी नोंद ठेवत नाही?" लगेच तिने वहीची कोरी पानं काढली आणि एकेकाची चौकशी केली. संयुजेला ती हात म्हणायची. ती पानं मी जपून ठेवली आहेत. 'सोडियम. हात एक. अंगाने मऊ, स्वभावाने तापट. पाण्याशी पटत नाही, रॉकेलात राहतो. क्लोरीन. हात एक. वर्ण पिवळट हिरवा. जवळ बसवत नाही, पण घराणं नामांकित. कार्बन. हात चार. कुणाशीही जमवून घेतो, स्वतःच्या भावकीशीसुद्धा. लोखंड. कुठे दोन हात सांगतो, कुठे तीन. नीट चौकशी करावी.' हेलियमपाशी ती बराच वेळ थांबली. ह्याला हातच नाही, हा कुणाशी जुळत नाही, असं मी सांगितल्यावर तिने नुसतं 'ब्रह्मचारी' असं लिहून खाली रेघ मारली. सल्फेट तर तिला फारच आवडला. एक गंधक आणि चार ऑक्सिजन, जिथे जातील तिथे सगळे एकत्र. "एकत्र कुटुंब आहे. मुलगी द्यायची तर अख्ख्या घराला द्यावी लागणार. आणि हात दोनच, म्हणजे राबायला दोघं आणि जेवायला पाच." सल्फेटची संयुजा मी आयुष्यात पुन्हा चुकलो नाही.

आम्ल आणि अल्कलीचं प्रकरण तर तिने पाच मिनिटांत निकालात काढलं. दोन तिखट स्वभाव एकत्र आले की दोघंही निवतात, क्षार तयार होतो आणि पाणी सुटतं. "पाणी सुटणारच. पाठवणी आहे ती," असं म्हणून तिने डोळ्याला पदरही लावून दाखवला. एकदा असाच धडा चालू असताना करंजाड्याकडचे एक आगरी गृहस्थ मिठाची टोपली घेऊन आले. त्यांच्या मुलीचं आत्या बघत होती. "आत्याबाय, आमचे पोरीचा काय जमतंय का नाय?" आत्याने टोपलीतला खडा उचलून माझ्यासमोर धरला. "हे बघ. सोडियम तोंडात घातला तर तोंड भाजेल, क्लोरीन हुंगला तर माणूस मरेल. आणि दोघांचं लग्न लावलं की आमटीला चव! दोन्ही कारटी वाईट, संसार चांगला." ते गृहस्थ खड्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "म्हंजे आमचे मिठात दोघांचा लगीन लागलाय? आन् आमी ते फावड्यान ओढताव?" मग जरा विचार करून हळूच विचारलं, "आमचा जावय तसा नाय ना?" आत्याने त्यांना खात्री दिली की मुलगा उरणचा आहे, शांत आहे आणि पाण्यात पेट घेत नाही.

हे असं सुरळीत चाललं होतं आणि मग समीकरणं आली. दोन्ही बाजूंना अणू सारखे भरले पाहिजेत, हे आत्याला एकदम पटलं. पंगतीला दोन्हीकडची पानं सारखी हवीत. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. मी अडलो. आत्या म्हणाली, "एवढंच ना? पाण्यातल्या ऑक्सिजनखाली बारीक दोन लिहून टाक." मी म्हटलं, चालतं का असं? "न चालायला काय झालं? पत्रिकेत दहा मिनिटं इकडची तिकडे केली की मंगळसुद्धा हलतो. हा तर ऑक्सिजन." मला ही युक्ती इतकी सोपी वाटली की पहिल्या खेपेला मी नापास झालोच कसा, याचं आश्चर्य वाटलं. तीन दिवसांत मी चाळीस समीकरणं चटाचट जुळवली. एकही अडलं नाही. आत्या म्हणाली, "बघ, हात बसला तुझा."

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना आमच्या हायस्कूलचे शास्त्राचे सर आत्याकडे आले. मुलीच्या कामासाठी आले होते, पण मास्तरच ते, समोर माझी समीकरणांची वही दिसली आणि राहवेना. पहिलंच समीकरण वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "हे काय लिहिलंयस? हे पाणी नाही रे, हे हायड्रोजन पेरॉक्साइड! जखमा धुवायचं औषध! हे प्यायला दिलंस तर पाहुणा दवाखान्यात जाईल." मग त्यांनी पुढची पानं चाळली आणि जगात कधी कुणी न पाहिलेली अशी एकोणचाळीस द्रव्यं त्यांना तिथे सापडली. "खालचा आकडा ज्याचा त्याचा जन्माचा असतो. त्याला हात लावायचा नाही. कमी पडलं तर पुढचा आकडा वाढवायचा, माणसं जास्त बोलवायची. पण माणूस बदलायचा नाही!" आत्याने चहा आणून ठेवला. सर चहा प्याले. कपबशी खाली ठेवली, दाराकडे एकदा बघितलं, आणि खिशातून मुलीची पत्रिका काढून आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मंगळ आहे हो. जन्मवेळ जरा दहा मिनिटं अलीकडे घेता आली तर..."

आत्याने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "सर, खालचा आकडा!" आणि ती अशी हसत सुटली की गिरणीतला माणूस बघायला आला. सरही आधी लाजले आणि मग हसले. हसणं ओसरल्यावर तिने पत्रिका मात्र ठेवून घेतली आणि सर वळताच दौत उघडली. मी म्हटलं, "आत्या, आत्ताच सर काय म्हणाले?" ती टाक झटकत म्हणाली, "ते ऑक्सिजनचं म्हणाले. ही मुलगी आहे." मग, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, तिने मला सांगितलं की तिच्या स्वतःच्या पत्रिकेत मंगळ चार मिनिटांनी सुटत होता. जोशीबुवांनी तिच्या वडिलांना विचारलं होतं, हलवू का म्हणून. "वडील म्हणाले, पोर झाली तेव्हा घड्याळ माझ्या हातात होतं. खरे होते रे ते. फार खरे." तिने सरांच्या मुलीची दहा मिनिटं सुबक अक्षरात अलीकडे आणली, शाई वाळू दिली, आणि मग मला म्हणाली, "काढ ती तुझी चाळीस औषधं. सगळी पुसायची." आम्ही सगळी पुसली. पंधरा दिवस मी फक्त पुढचे आकडे बदलत होतो आणि ती समोर बसून अणू बोटांवर मोजत होती.

शेवटच्या दिवशी उजळणीला कॅटॅलिस्ट आला. मी सांगितलं, पोटॅशियम क्लोरेट नुसतं तापवलं तर ऑक्सिजन सोडायला फार खळखळ करतं. पण त्यात मँगनीज डायऑक्साइडचा काळा भुगा टाकला की काम झटपट होतं. आणि भुगा शेवटी होता तसाच शिल्लक राहतो. आत्याने विचारलं, "वजन करून बघतात?" हो म्हटलं. "आधी आणि नंतरही?" म्हटलं, तेवढंच भरतं, गुंजभरही फरक नाही. ती थोडा वेळ छत्रीची मूठ चोळत बसली. "वजन भरत असेल," ती म्हणाली, "पण त्याला विचारलं का कुणी?" पुस्तकात तसं काही नव्हतं. मला तेव्हा परीक्षेची धास्ती होती, मी पान उलटलं.

पेपर झाल्यावर तिने काही विचारलं नाही. बैठक होईपर्यंत स्थळाची वाच्यता करायची नाही, हा तिचा नियमच होता. निकाल लागला त्या दिवशी ती आपट्याला लग्नाला गेली होती. पहिल्या गाडीने आलेल्या वर्तमानपत्रात माझा नंबर वडिलांनी तीनदा वाचला, आणि दुपारी ते स्वतः एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहिले. मीही मागे गेलो. आत्या छत्री टेकत गाडीतून उतरली. वडील म्हणाले, "ताई, वही राहू दे." एवढंच. मग तिच्या काखेतली ती वही त्यांनी काढून घेतली आणि घरापर्यंत स्वतः धरून आणली. रस्त्यात लोक बघत होते.

घरी ओसरीवर बसल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "तो काळा भुगा आला होता का रे?"

"आला होता. पाच मार्कांना."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं की शेवटी त्याच्यात काही फरक पडत नाही."

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "परीक्षेत तसंच लिहायचं."

मी पुढे जन्मभर रसायनाच्या कारखान्यात नोकरी केली आणि ते वाक्य शेकडो वेळा लिहिलं. त्या दिवशी मी पान उलटायला नको होतं, असं मला दर वेळी वाटलं. तिने मात्र तेव्हा पदराची गाठ सोडली, आपट्याच्या लग्नातला बुंदीचा लाडू अर्धा केला, आणि मोठा अर्धा माझ्या हातावर ठेवला.