बिस्किटांच्या डब्यातले सूर

...तर दिवसभर दुकानात मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आमच्या धाकट्या सुनेने बिस्किटांच्या डब्याला आठ चमचे जोडले आणि सासूला म्हणाली, "आई, चमच्याला नुसतं बोट लावा, सूर निघेल." आजारपणात आमच्या हिच्या बोटांतलं बळ गेलं, पेटी वाजवणं सुटलं आणि तेव्हापासून ही बोलायचीही कमी झाली होती. डब्यात काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्राचा मेंदू, आणि जुन्या रेडिओचा स्पीकर. सुनेने बोट लावलं की डबा गायचा, हिने लावलं की ढिम्म!

"यंत्रालाही मी नकोशी झाले," म्हणत ही उठायला लागली.

तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. यंत्राला स्पर्श ओळखायला शिकवताना तिने स्वतःचीच बोटं वापरली होती, आणि हिची तर सुकलेली, थंडगार. मग हिचा हात धरून तिने एकेक चमचा हिच्या हलक्या स्पर्शालाही वाजेल असा नव्याने जुळवला. डबा गायला लागला, ही खुदकन हसली.

मला कुठला धीर! मी बोट लावलं, तर आठही चमचे एकदम किंचाळले.

"अगं, बिघडलं की हे!"

सून म्हणाली, "बिघडलं नाही, बाबा. आता ते फक्त आईंचं ऐकतं, तुमच्यासारखंच."